डोंगराकडे वाहणारी नदी

नदी कोणत्या दिशेला वाहते, असे मी वर्गात विचारले तर तुम्ही लगेच सांगाल, "उंचावरून सखल भागाकडे." उत्तर बरोबर आहे. पण कोकणातली एक नदी मी भर दुपारी डोंगराकडे वाहताना पाहिली आहे. तिची हकिकत तुम्हाला सांगते.

आमचे गाव केम, सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातले. केमचे कुंकू दूरदूर जाते. पाणी मात्र आम्हाला जपून वापरावे लागते. तालुक्याच्या एका बाजूला सीना, दुसऱ्या बाजूला भीमा. भीमेवर उजनी धरण झाल्यापासून तिकडच्या गावांपुढे अफाट जलाशय पसरला आहे. रस्त्याने फार मोठा वळसा पडतो, म्हणून तिथली माणसे होडीने पलीकडे इंदापूर तालुक्यात जात. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली एक होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचे प्राण गेले. त्यांत दोन लहान मुले होती. एक जण तेवढा पोहून काठाला लागला. त्या दिवसापासून आमच्या घरात होडीचे नाव कोणी काढत नसे.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चिपळूणला निघालो, तेव्हा माझ्या मुलीच्या दादीने बजावले, "डोंगर पाहा, मगरी पाहा, पण पोरीला सांभाळा."

कराडहून पाटणमार्गे आम्ही कुंभार्ली घाट उतरलो. पायथ्याशी पोफळी लागते. कोयना नदी खरे तर आमच्या भीमेसारखीच कृष्णेला मिळणारी. पण धरणात अडवलेले तिचे बरेचसे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला सोडतात. त्यावर 1962 पासून वीज तयार होते आणि ते पाणी पुढे वाशिष्ठी नदीत येते. बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी असे अरबी समुद्राला जाऊन मिळते!

चिपळूणजवळ गोवळकोटचा धक्का आहे. पूर्वी दाभोळ बंदरातून खाडीमार्गे गलबते इथपर्यंत येत. आम्ही पोहोचलो तेव्हा पाण्यावर एक नारळाची करवंटी तरंगत होती, आणि ती निघाली होती डोंगराकडे. मुलगी म्हणाली, "अम्मी, नदी उलटी चालली!"

होडीवाले चाचा हसले. "भरती आहे, बेटी. दर्या आत येतोय." ते बोलत होते कोकणी मुसलमानांची बोली, पण तिला सगळे समजत होते. "हे तर मराठीच आहे," ती माझ्या कानात म्हणाली.

समुद्राचे पाणी साधारण सहा तास चढते आणि सहा तास उतरते. चढताना ते नदीच्या मुखातून आत शिरते आणि नदीला मागे रेटते. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडाले, तेव्हा वरून मुसळधार पावसाचे पाणी आणि खालून भरती, अशी दोन्हीकडून कोंडी झाली होती.

आम्ही होडीत बसणार, तोच चाचांनी हात आडवा केला. सर्वांना जीवरक्षक जाकिटे मिळाली होती, पण मुलीच्या मापाचे नव्हते. लहान जाकिटे पुढे गेलेल्या होडीत होती. मोठे जाकीट घातले तर पाण्यात पोर खाली सरकेल आणि जाकीट वर राहील, असे चाचांचे म्हणणे. "थांबावे लागेल," ते म्हणाले.

तासभर थांबायचे! एक प्रवासी कुरकुरला, "एका मुलीसाठी सगळ्यांचा खोळंबा कशाला? पाणी तर शांत आहे." मी त्यांना कुगावच्या होडीविषयी सांगितले. दोन मुलांविषयी सांगितले. मग कोणी घड्याळ पाहिले नाही.

वाट पाहताना चाचांनी मुलीला विचारले, "काल चाँद पाहिलास ना?" आदल्या संध्याकाळीच नवी कोर दिसली होती. तुम्हाला हिजरी महिन्याची तारीख ठाऊक असते. मग भरतीचा अंदाज बांधणे अवघड नाही. महिन्याच्या सुरुवातीला आणि पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे चौदा-पंधरा तारखेला, सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकत्र येते. तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. ते उधाण. सात-आठ आणि एकवीस-बावीस तारखेच्या आसपास चढउतार कमी असतो. त्याला भांग म्हणतात. भरतीची वेळही रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

लहान जाकीट आले, तोवर ओहोटी लागली होती. करवंटी दिसेनाशी झाली होती, पण आता पालापाचोळा समुद्राकडे निघाला होता. चाचांनी जाकिटाचे पट्टे स्वतः ओढून पाहिले, मगच होडी सोडली.

दोन्ही काठांना खारफुटीची दाट झाडी. चिखलात श्वास घेता यावा म्हणून काही झाडांची मुळे खिळ्यांसारखी वर आलेली. पाणी उतरले तसा चिखलाचा काठ उघडा पडला, आणि चाचांनी इंजिन बंद केले. समोर एक मगर ऊन खात पडली होती. जबडा उघडा! तो राग नव्हे. अंगाची उष्णता बाहेर टाकण्याची ती तिची रीत. तासापूर्वी आलो असतो तर तिथे नुसते पाणीच दिसले असते. मघाशी कुरकुरणाऱ्या गृहस्थांनीच मुलीला पुढे बसायला जागा दिली.

केमला परतल्यावर दादीने पहिला प्रश्न जाकिटाचाच विचारला. आता रात्री अंगणात बसले की मुलगी चंद्राकडे पाहते आणि दादीला सांगते, "आज गोवळकोटला उधाण असेल."