कोच बदलायचा की नाही?

आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांचा एक फुटबॉल क्लब आहे. क्लब म्हणजे काय, अठरा-वीस पोरे, दोन जाळ्या आणि पाच जणांची कमिटी. जुने कोच नोकरीसाठी सौदीला गेले, तेव्हा दुसरे कोणी मिळेना म्हणून आमच्या भाच्याला उभे केले. वय 23. खेळायचा बरा, पण शिकवण्याचा अनुभव शून्य. दिवसभर मंचरच्या बाजारात एका आडत्याच्या गाळ्यावर वह्या लिहितो.

आठ सामन्यांत एक जिंकला. मग लोक घरी येऊ लागले. चहा पिता पिता एकाने सरळच सांगितले, "मामूने भाच्याला चिकटवला, पोरांचे वर्ष गेले." कमिटीत दोन जण त्याला ठेवा म्हणणारे, दोन काढा म्हणणारे. पाचवे मत आमच्या घरचे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी पोरांना घेऊन आहुप्याला जायचे ठरलेलेच होते. मत त्यानंतर देऊ, असे आम्ही सांगितले. घोडेगाव मागे पडले, डिंभे धरणाचे पाणी रस्त्याला लागले, तरी गाडीत आमच्या दोघांचा मशवरा चालूच होता, आणि त्यात सारखे नाव येत होते खालिद जमील यांचे.

खालिद जमील 2009 मध्ये मुंबई एफसीचे कोच झाले तेव्हा 32 वर्षांचे होते. त्याआधी त्याच क्लबचे खेळाडू; दुखापतींनी खेळ थांबवलेला. त्यांच्या आधी तिथे डेव्हिड बूथ यांच्यासारखा मुरलेला इंग्रज कोच होता. क्लबने या नवख्या माणसाला तब्बल सात वर्षे ठेवले. आय-लीग म्हणजे तेव्हाची देशातली सर्वांत वरची लीग. ती मुंबईने कधी जिंकली नाही, पण संघ खालच्या डिव्हिजनलाही कधी घसरला नाही. 2016 मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला. ते मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. तो क्लब नुकताच खाली घसरलेला, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून पुन्हा आत आलेला. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगला 1-1 बरोबरी झाली आणि मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून आयझॉलने आय-लीग जिंकली. त्याच मोसमात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर आली, घसरली, आणि पुढे तो क्लबच राहिला नाही.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे, बघा, धीर धरायला हवा. दुसऱ्याचे म्हणणे, धीर मुंबईने धरला आणि कप गेला मिझोरामला. त्या सात वर्षांत जी पोरे मुंबईकडून खेळली, त्यांच्या हातात काय पडले? आणि आमची तर सोळा वर्षांची आहेत, त्यांना सोळावे वर्ष दुसऱ्यांदा येणार आहे का? याला पहिल्याकडे उत्तर नव्हते. आम्हा दोघांकडेही अजून नाही.

मागच्या सीटवरून आमचा मुलगा म्हणाला, "मग खालिद सरांनाही काढायचं का?" कारण ऑगस्ट 2025 मध्ये ते भारताचे कोच झाले. सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसरे आले, तेव्हा सगळे खूश. ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून 1-2 हरून आशिया चषकाची वाट बंद झाली, 18 नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने 1-0 ने हरवले, आणि तेच लोक त्यांना काढा म्हणू लागले.

आहुप्याला थंड वारा होता. खाचरांतला भात काढून झालेला. गावाबाहेरच्या माळावर तिथल्या पोरांशी सामना ठरला. एका बाजूला कडा थोड्याच अंतरावर. चेंडू तिकडून गेला असता तर थेट ठाणे जिल्ह्यात पडला असता. ती पोरे रोज चढ-उतार करणारी. अर्ध्या वेळेला आम्ही 0-3 मागे.

आमच्या मुलाला भाच्याने दोन महिने हट्टाने मागे, बचावात खेळवले होते. अर्ध्या वेळेला त्याने सगळ्यांना गोल बसवले आणि म्हणाला, "याला तिथे उभा केला ती माझी चूक." जागा बदलल्या. तरी 2-4 हरलोच. पण आवाज न चढवता, सगळ्यांसमोर आपली चूक बोलणारा कोच आम्ही आमच्या मैदानावर तरी पाहिला नव्हता. आधीचेही असे बोलले नव्हते, ते जिंकायचे तरी.

परतताना त्याने मामूच्या हातात वही दिली. आडतीवरचीच लाल वही. प्रत्येक पोराचे पान, जमा आणि नावे. कोण सरावाला उपाशी येतो, कोणाचे बूट लहान झालेत. शेवटचे पान त्याच्या स्वतःच्या नावाचे होते, आणि त्यात नावे बाजू जवळजवळ भरलेली.

बुधवारी मत दिले: रमजानपर्यंत ठेवा. सोबत एक मोठा, जुना खेळाडू सरावाला उभा राहील. तेव्हा पुन्हा ठरवायचे, आणि त्या दिवशी कमिटीत मामू बसणार नाही. ही अट आम्हीच घातली, खरे तर ती सुरुवातीलाच घालायला हवी होती.

एका घराने मुलगा काढून दुसऱ्या क्लबात घातला. चांगला खेळतो तो. त्याच्या अब्बांना आम्ही काही बोललो नाही.