अंधेरीच्या स्टँडमधून

अंधेरी पश्चिमेला, वीरा देसाई रोडवर, शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे. तिथलं फुटबॉलचं मैदान म्हणजे मुंबई सिटी एफसीचं घर. २०१४ साली क्लब सुरू झाला तेव्हा घरचे सामने नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर व्हायचे. स्टेडियम देखणं आहे, पण क्रिकेटसाठी बांधलेलं. गोल मैदानात फुटबॉलचा आयत आखला की प्रेक्षक आणि टचलाइन यांच्यामध्ये हिरवळीचा भलामोठा पट्टा उरतो. २०१६ मध्ये क्लब अंधेरीत आला आणि आम्हाला खेळाडू दिसायला लागले. इथे जेमतेम सात-आठ हजार माणसं मावतात. कॉर्नर घ्यायला आलेला खेळाडू चेंडू ठेवताना पुटपुटतो तेही पुढच्या रांगेत ऐकू येतं. मला हे छोटं मैदान मोठ्या स्टेडियमपेक्षा शंभर पटींनी आवडतं.

*

टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. स्टँडमध्ये बसलं की चेंडू नसलेली माणसं बघता येतात, आणि फुटबॉल तिथेच कळतो.

मोरोक्कोचा अहमद जाहू आमच्याकडे होता तेव्हाची गोष्ट. करोनामुळे लागोपाठ दोन हंगाम सगळे सामने गोव्यातच झाले; २०२२-२३ मध्ये तो एकदाचा अंधेरीत दिसला. मधल्या फळीत, आपल्या बचावपटूंच्या जरा पुढे उभा. धावणं कमी. चेंडू अजून दुसऱ्याच्या पायात असताना हा आधी डाव्या खांद्यावरून मागे बघायचा, मग उजव्या. चेंडू आला की एका स्पर्शात थांबवायचा आणि पुढच्या स्पर्शात पार पलीकडच्या टचलाइनला पाठवायचा. तिथे लालियानझुआला छांगते केव्हाच पळत सुटलेला असायचा. पास निघायच्या आधी धाव सुरू झालेली असते, हे टीव्हीवर इतकी वर्षं फुटबॉल पाहूनही मला कधी दिसलं नव्हतं. माझ्या शेजारची पोरं जाहूची मान वळली की 'आता जाईल' म्हणून उठून उभी राहायची.

त्या हंगामात संघ पहिल्या अठरा सामन्यांत हरला नाही. ४६ गुण झाले, साखळीत पहिलं आल्याची लीग शील्ड मिळाली. पुढे उपांत्य फेरीत बेंगळुरूने पेनल्टी शूटआउटमध्ये ९-८ असं हरवलं. इतक्या पेनल्टी होतात तेव्हा कुणा एकाला दोष द्यायचा नसतो. ज्याची पेनल्टी अडवली गेली त्याच्या नावाने कुणी बोलायला लागलं की मी आजही भांडतो.

*

राहुल भेके. मुंबईचा पोरगा, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळून वर आलेला. १७ मार्च २०१९ रोजी इंडियन सुपर लीगची, म्हणजे आयएसएलची, अंतिम लढत अंधेरीतच होती, बेंगळुरू विरुद्ध गोवा. नव्वद मिनिटं शून्य-शून्य. जादा वेळेत, अगदी शेवटी शेवटी, कॉर्नरवर भेकेने हेडर मारला आणि बेंगळुरू पहिल्यांदा विजेता झाला. आपल्या शहरात, आपल्या मैदानावर, आपल्याच पोराने विजयी गोल करावा आणि त्याच्या अंगावर दुसऱ्या शहराची जर्सी असावी, याचं मला फार वाईट वाटलं होतं. अभिमानही तेवढाच वाटला होता.

तीन वर्षांनी तो मुंबई सिटीच्या आकाशी जर्सीत होता. ११ एप्रिल २०२२, रियाध, एएफसी चॅम्पियन्स लीग. समोर इराकचा एअर फोर्स क्लब. आधी त्यांनी गोल केला. मग डिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली. मग जाहूचा कॉर्नर आणि भेकेचा हेडर. २-१. या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना. तो गोल मुंबईकराच्या डोक्यातून आला, हे मी भेटेल त्याला सांगत असतो.

*

स्टँडमध्ये एक काका नेहमी भेटतात. ते कूपरेजच्या मैदानावर वाढलेले. गोलकीपरला अजून 'गोली' म्हणतात. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स कप त्यांनी त्याच्या शेवटच्या वर्षांत पाहिलाय आणि मोहन बागान, ईस्ट बंगाल मुंबईत आले की कूपरेज कसं भरायचं हे ते हाफ टाइमला सांगतात. महिंद्रा युनायटेडचे ते भक्त. २००५-०६ मध्ये महिंद्राने नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. २०१० मध्ये संघच बंद झाला.

एकदा मला म्हणाले, "अरे पोरा, महिंद्रा गेला, एअर इंडिया गेला, मुंबई एफसी गेला. हा तरी राहू दे."

कलकत्त्यात मोहन बागान १८८९ पासून आहे. संघ हरो, मालक बदलो, आजोबा-नातू एकाच स्टँडमध्ये बसतात. आमच्याकडे फुटबॉल पाहणाऱ्यांची कमी नाही. पण आजोबांचा क्लब नातवाच्या वाट्याला येतच नाही. त्या आधीच दरवाज्याला कुलूप लागतं. पुण्याचंही तेच झालं. पुणे एफसी २०१५ मध्ये संपला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये, आणि त्याची आयएसएलमधली जागा हैदराबादला गेली. बालेवाडीला नारिंगी जर्सी घालून येणारे माझे दोन मित्र आता कुठल्याच संघाचे नाहीत. 'मुंबईला ये' असं त्यांना म्हणायची माझी छाती होत नाही.

*

१ जून २०१८, अंधेरीचं हेच मैदान. भारताने चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं. सुनील छेत्रीची हॅट्ट्रिक. प्रेक्षक २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकून हात जोडले: शिव्या द्यायला तरी या, पण मैदानावर या. चार तारखेला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. पाऊस कोसळत होता आणि एक खुर्ची रिकामी नव्हती.

हा छेत्री २०१५ आणि २०१६ मध्ये मुंबई सिटीकडून खेळलेला. आयएसएलमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला भारतीय तो, आणि ती हॅट्ट्रिक आमच्यासाठी होती. एवढ्या मोठ्या खेळाडूला हात जोडावे लागले याची लाज मुंबईने बाळगायला हवी. रात्री साडेबाराला उठून इंग्लंडमधल्या क्लबांचा सामना बघणारी माणसं माझ्या इमारतीत मजल्यागणिक आहेत. त्यांचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. मात्र ज्या खेळाडूला आपला आवाज पोचू शकतो तो अंधेरीत आहे.

*

फोर्लान. २०१० च्या विश्वचषकाचा गोल्डन बॉल मिळवलेला माणूस २०१६ मध्ये आमच्याकडे खेळला. नोव्हेंबरात केरळविरुद्ध त्याची हॅट्ट्रिक, ५-० ने विजय. वयाची सदतिशी, तरी फ्री किक घेताना चेंडूच्या हवेच्या वॉल्व्हची दिशा बघून तो ठेवायचा. एवढं एक पाहायला मिळालं तरी त्या दिवशीचं तिकीट वसूल झालं होतं.

*

२०२०-२१ हा आमचा सगळ्यात मोठा हंगाम आणि तो आम्ही मैदानात पाहिलाच नाही. सगळे सामने गोव्यात, बंद दाराआड. सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक. शेवटच्या साखळी सामन्यात एटीके मोहन बागानला २-० असं हरवून शील्ड घेतली; दोघांचे गुण चाळीस-चाळीस, तरी आम्ही वर. मग १३ मार्चला फातोर्ड्याला अंतिम सामना, समोर पुन्हा तेच. त्यांचा बचावपटू तिरी याच्याकडून स्वयंगोल झाला, आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल मारला. रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळाडू नाचत होते आणि इकडे आमच्या चाळीत मी एकटा ओरडत होतो.

तिरीबद्दल मला मुद्दाम लिहायचंय. ४ मे २०२४, कलकत्त्याचं सॉल्ट लेक, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा मोहन बागान. साठ हजारांहून जास्त माणसं, जवळजवळ सगळी त्यांची. आणि तिरी आमच्या बचावफळीत. ज्या माणसाच्या चुकलेल्या स्पर्शावर आपण तीन वर्षांपूर्वी नाचलो होतो, त्याच माणसाच्या प्रत्येक टॅकलवर जीव मुठीत धरून बसलो होतो. आधी पिछाडी, मग पेरेरा दियाझची बरोबरी, मग ८१ व्या मिनिटाला पुन्हा बिपिन, शेवटी वोयटुश. ३-१. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी याच मैदानावर याच संघाने शील्ड आमच्या हातातून घेतली होती.

पण त्या हंगामातली माझी रात्र दुसरीच. २४ एप्रिल, गोव्याविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना. नव्वदाव्या मिनिटापर्यंत आम्ही ०-२ मागे. छांगतेने एक मारला. मिनिटभरात विक्रम प्रताप सिंगने बरोबरी केली. आणि इंजुरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. हा पोरगा मिझोरममधल्या लुंगलेईचा. मुंबईत त्याच्या नावाच्या घोषणा देणाऱ्यांना लुंगलेई नकाशावर दाखवता येईल का, माहीत नाही. पण नाव ते बिनचूक उच्चारतात, मी ऐकलंय.

*

आमच्या समर्थकांच्या वेस्ट कोस्ट ब्रिगेडची मंडळी ढोल घेऊन एका बाजूला उभी असतात. पूर्ण नव्वद मिनिटं उभी. ०-३ असतानाही. विसाव्या मिनिटाला आपण दमतो, त्यांचा ढोल थांबत नाही. बचावपटूने साधी क्लिअरन्स केली तरी त्याच्या नावाने आरोळी उठते. असा मान मी इतर कुठे पाहिला नाही.

*

२०१९ मध्ये मँचेस्टरच्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचे ६५ टक्के विकत घेतले होते. २०२५ च्या जुलैत लीगच लटकली, हक्कांच्या कराराचं नूतनीकरण होईना. डिसेंबरात ग्रुपने काढता पाय घेतला. बातमी वाचली आणि पहिल्यांदा आठवले ते काका.

ज्याच्या कुणाच्या हाती क्लब असेल, त्याला स्टँडमधून एवढंच सांगणं आहे. नाव आणि आकाशी रंग बदलू नका. मुंबईच्या जिल्हा लीगमधल्या पोरांना घरच्या सामन्यांची तिकिटं फुकट द्या. उद्याचा भेके त्यांच्यातच आहे. घोषणा मराठीतूनही होऊ द्या. आणि रविवारचा सामना पाचला ठेवा. साडेसातला सुरू झालेला सामना साडेनऊला सुटतो. मग अंधेरीहून दादर, दादरहून कल्याण लोकल. डोंबिवलीच्या शाळकरी मुलाला घरी पोचायला साडेअकरा होतात, आणि पुढच्या वेळी त्याची आई त्याला सोडत नाही.