जुळलेली रेघ

पडद्याच्या वरच्या भागात ठिपके असतात, ते शेतातून चालत मोजलेल्या चुंबकीय क्षेत्राचे. त्यांच्यावरून जाणारी रेघ गणिताची. खालच्या भागात जमिनीचा उभा छेद, त्यात खडकांचे बहुभुज. बहुभुजाचा कोपरा माऊसने जरा ओढला की रेघ लगेच हलते. माणिक तलवानी आणि जेम्स हाइर्ट्झलर यांनी १९६४ मध्ये मांडलेली ही आकडेमोड आज डोळ्याचं पातं लवण्याआधी होते. रेघ ठिपक्यांवर बसली की मनाला फार बरं वाटतं. नव्या मुलांना मी सांगतो, खरं काम या क्षणापासून सुरू होतं.

पनवेलच्या परिसरात आम्ही शोधतो ते मुख्यतः डाइक, म्हणजे बसाल्टच्या भेगांत घुसून उभ्या भिंतीसारखे थिजलेले लाव्हाचे पट्टे. भूजल कुठे अडेल, कुठे झिरपेल, हे बऱ्याचदा त्यांच्यावर ठरतं. पट्टा अरुंद आणि खोल असेल तर मापनातून फक्त त्याच्या रुंदीचा आणि चुंबकत्वाचा गुणाकार कळतो. दोन मीटर रुंदीचा जोरकस डाइक घ्या किंवा चार मीटरचा निम्म्या जोराचा, रेघ तीच येते. संगणक यातलं कुठलंही उत्तर तितक्याच विश्वासाने दाखवतो. निवड करायला उघड्या नाल्यात जाऊन पट्ट्याची रुंदी टेपने मोजावी लागते.

चुंबकत्वाच्या दिशेचा प्रश्न त्याहून अवघड. इथलं आजचं क्षेत्र सुमारे ४३,००० नॅनोटेस्ला, उत्तरेकडे आणि क्षितिजाखाली पंचवीसेक अंश कललेलं. सॉफ्टवेअर आपणहून हीच दिशा धरतं. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थिजला, तेव्हा पृथ्वीचं क्षेत्र उलट होतं आणि भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. सह्याद्रीच्या बऱ्याच थरांनी तेव्हाची दिशा अजून धरून ठेवली आहे. उलट म्हटल्यावर आजच्या दिशेपुढे उणे चिन्ह लावावं असं कुणालाही वाटेल. तसं केलं तर बाण दक्षिणेकडे, वर जातो. खडकातला बाण मात्र आग्नेय-दक्षिणेकडे, खाली जातो. दक्षिण गोलार्धातलं उलटं क्षेत्र खालीच बघतं. शिवाय कोकणातले अनेक डाइक उत्तर-दक्षिण पसरलेले असल्याने आजच्या क्षेत्राचा आडवा भाग त्यांच्या लांबीतच निघून जातो आणि जुन्या चुंबकत्वाचं वजन आणखी वाढतं. म्हणून दिशा नोंदवून काढलेला खडकाचा नमुना प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय मी सॉफ्टवेअरमधल्या दिशेच्या रकान्यात आकडा भरत नाही.

ठिपक्यांचीही तितकीच काळजी घ्यावी लागते. प्रोटॉन मॅग्नेटोमीटर हायड्रोजनच्या अणुकेंद्रांची भिरभिर ऐकतो. आपल्याकडे ती सेकंदाला अठराशेच्या आसपास. किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, फोन लांब ठेवायचे. रेल्वेचे रूळ, विजेच्या तारा, सळयांची नवी बांधकामं टाळायची. दिवसभरात क्षेत्र स्वतःच काही दशक नॅनोटेस्लाने चढतं-उतरतं, ते बेस स्टेशनच्या नोंदीवरून वजा करायचं. या शिस्तीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मुंबईच्या ट्राम विजेवर धावणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी अलिबागला हलवल्या, तेव्हा नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे मापनं घेतली गेली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासूनची मालिका अखंड राहिली. अलिबागची ती वेधशाळा आज नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. जागा बदलली तरी आकड्यांचा विश्वास तुटू द्यायचा नाही, हा धडा मला कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलपेक्षा मोलाचा वाटतो.

रेघ एखाद्या ठिकाणी बसत नाही, तिथे मोह होतो. आणखी एक बहुभुज घालावा, दोन कोपरे वाढवावेत. पुरेसे कोपरे दिले तर कुठलाही वक्र जुळतो. अशा जागी मी माऊस सोडतो आणि नकाशा उघडतो. तिथे पाइपलाइन आहे का, डाइक तिरपा आहे का, खडक कुजलेला आहे का? न जुळणारे ठिपके जमिनीने दिलेले असतात आणि कोपरे आपण दिलेले असतात, म्हणून आधी ठिपक्यांचं ऐकायचं.

अहवालात मी एकच छेद देत नाही. तितकेच चांगले जुळणारे दोन-तीन छेद शेजारी ठेवतो आणि त्यांच्यात फरक कुठे पडतो, ते दाखवतो. बोअर मारणाऱ्याचे पैसे त्या फरकाच्या जागी पणाला लागलेले असतात. पहिलं भोक तिथे घेतलं तर कोरडं गेलं तरी एक छेद बाद होतो आणि पुढचं भोक कुठे घ्यायचं ते कळतं.