चार फूट पाणी लागणारं घर

आम्हा जयगडच्या खाडीकाठच्या मुलांना बोट म्हणजे मुंबईची बोट. 1970 च्या दशकात ती अजून चालू होती. ती खोल पाण्यात उभी राही, पडाव तिच्या अंगाला लागे आणि खलाशी आम्हा मुलांना बखोटीला धरून वर चढवत. मला पडाव जास्त आवडे. पाणी हाताला लागायचं, तांडेलाचा वाऱ्याशी चाललेला व्यवहार जवळून दिसायचा. भोंगा देऊन बोट निघून गेली की तो पडाव खाडीत आत, गावापर्यंत शिरायचा. तिथे बोटीला येता येत नसे. अशा नावेत राहता आलं तर, हा विचार तेव्हाच मनात शिरला आणि नोकरी, संसार, मुलांची शिक्षणं या सगळ्यात कुठेही गेला नाही.

मुंबईत बँकेत लागल्यावर ‘सुहैली’ची गोष्ट वाचनात आली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज दर्यावर्दीने ही अवघी 32 फुटांची शिडाची बोट 1960 च्या दशकात मुंबईत बांधून घेतली. लाकूड सागाचं, कारागीर इथले. 14 जून 1968 ला तो तिच्यातून इंग्लंडच्या फाल्मथहून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून 22 एप्रिल 1969 ला तिथेच परतला. असं याआधी कुणी केलं नव्हतं. ही एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत होती आणि तिच्यात नऊ जण उतरले होते. शर्यत पूर्ण केली एकट्या त्याने. आपल्या सुतारांच्या हातची बोट होती ती, आणि हे मुंबईत फार थोड्यांना माहीत आहे याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे 2009-10 मध्ये कमांडर दिलीप दोंदे शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात, दिवाडी बेटावर बांधलेली. ती बातमी वाचली त्या रात्री मी यजमानांना म्हटलं, “निवृत्तीनंतर आपण बोटीवर राहू या.” ते नाही म्हणाले नाहीत. “अगं, मग चाळीस फुटी तरी घेऊ. फ्रीज हवा, नीट झोपायची खोली हवी.”

इथे मात्र आमचं बरेच दिवस जमेना. माझं म्हणणं एकच होतं, आणि आजही तेच आहे: बोट आपल्या ताकदीएवढी हवी. अठ्ठावीस फुटी बोटीला दहाएक किलोचा नांगर पुरतो. पाणी पाच मीटर खोल असेल तर साखळी पंचवीस-तीस मीटर सोडावी लागते. वारा फिरला की ती सगळी मध्यरात्रीसुद्धा ओढून घ्यायची. साठीनंतर दोघांच्या हातांनी हे जमेल. चाळीस फुटीचा नांगर आणि साखळी यंत्राशिवाय उचलणार नाही, आणि यंत्र बंद पडायचं तेव्हाच पडतं.

दुसरं कारण आमच्या किनाऱ्याचं. कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या मुखाशी वाळू साचते. सहा फूट पाणी लागणारी बोट भरतीची वाट पाहत बाहेर हेलकावत राहते. चार फूट पाणी लागणारी आत जाऊन मुकाट निजते. आंग्र्यांच्या गलबतांचं बळ यातच होतं. उथळ बुडाची ती गलबतं खाडीत शिरली की इंग्रजांच्या जड जहाजांना मागे जाता येत नसे. हा मुद्दा मात्र यजमानांना एकदम पटला.

आता बेत असा आहे. ऑक्टोबर ते मे बोटीवर, पावसाळ्यात घरी. “चार महिने बोटीचं काय करायचं?” असं मुलगा विचारतो. कोळी करतात तेच: किनाऱ्यावर ओढून शाकारायची, बुडाला चिकटलेली कालवं खरवडायची, रंग द्यायचा. पहाटे जमिनीवरून मतलई सुटते, तिच्यावर बंदर सोडायचं. दुपारी वायव्येचा वारा धरला की गोव्याच्या दिशेने उतरण सोपी. परतीला तोच वारा तोंडावर येतो, म्हणून उत्तरेकडे येताना टप्पे लहान ठेवायचे, पहाटेचे तास वाया घालवायचे नाहीत, इंजिनाला डिझेल राखून ठेवायचं. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावं लहानपणी आम्ही बोटीच्या थांब्यांसारखी पाठ म्हणायचो. आता त्या प्रत्येकासमोर भरतीच्या वेळा लिहिलेली वही माझ्याकडे आहे.

वीज सौर पाट्यांवर भागेल. पाण्याचं तसं नाही. दोनशे लिटरची टाकी प्यायला-रांधायलाच राखायची, भांडी खाऱ्या पाण्यात घासून गोड्यात विसळायची. कपाट एक, म्हणून साड्या राहतील घरी. पुस्तकांवर मात्र आम्ही दोघेही अडून आहोत.

अडचण एवढीच, की कोकणातल्या बंदरांत मच्छीमार होड्यांनाच जागा अपुरी, आणि आमच्यासारख्यांनी त्यांच्यात घुसणं बरोबर नाही. म्हणून कोकणातल्या बंदरांचा कारभार पाहणाऱ्यांना एक विनंती आहे. प्रत्येक खाडीत लहान बोटी बांधायला चार बोये टाका, धक्क्यावर गोड्या पाण्याचा एक नळ द्या आणि भाड्याचा दर फळ्यावर लिहा. पैसे आम्ही आनंदाने भरू.