ठेवायची गाडी, चालवायची गाडी

खामगावात कोणत्याही वस्तूचा भाव विचारला तर कुणाला राग येत नाही. कापसाच्या गाठींवर आणि चांदीवर मोठं झालेलं हे गाव. इथे पैंजणापासून देवघरातल्या समईपर्यंत प्रत्येक गोष्टीचं वजन घरातल्या बाईला तोंडपाठ असतं. त्यामुळे माझी प्रीमियर पद्मिनी टॉवर चौकात उभी दिसली की लोक पहिला प्रश्न करतात तो हाच, "आता हिचे किती येतील हो?"

माझा धंदा करसल्लागाराचा, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. पण गेल्या वर्षी नांदुऱ्याचा एक तरुण व्यापारी विवरणपत्राच्या कामाला आला आणि जाता जाता म्हणाला, "काका, चिखलीला एक जुनी महिंद्रा जीप विकायला आहे. घेऊन शेडमध्ये झाकून ठेवतो. पाच-सात वर्षांत दुप्पट होईल ना?" त्याला मी सविस्तर जे सांगितलं, तेच इथे लिहितो आहे, कारण असं विचारणारे आता वाढलेत.

आधी माझा हिशेब. 1978 सालची ही गाडी मी 2016 मध्ये मेहकरच्या एका डॉक्टरांच्या घरून घेतली. नंबर जुना, एमएच-28 सुरू होण्याआधीचा, तीन अक्षरी. किंमत ठरली 95 हजार. नंतर खालचा पत्रा बदलला, इंजिनाचं बोअरिंग झालं, सीटा नव्या शिवल्या, डेंटिंग-पेंटिंग झालं. मूळ किंमत धरून पावणेचार लाख लागले. पेट्रोल आणि विमा यात धरलेला नाही. ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली आणि त्यानंतर मला फोन यायला लागले. पुण्याच्या एका खरेदीदाराने चार लाख देऊ केले.

म्हणजे कागदावर पंचवीस हजारांचा फायदा. आता हेच खामगावच्या पद्धतीने मोजू. 2016 मध्ये चांदी किलोला पन्नास हजारांच्या आत होती. त्याच 95 हजारांत दोन किलो आली असती. 2025 मध्ये चांदीने किलोला लाखाचा टप्पा ओलांडला. शिवाय चांदीचा ना पत्रा सडतो, ना तिचा विमा उतरवावा लागतो, ना तिला आरटीओत न्यावं लागतं. जुन्या मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची फी पूर्वी 600 रुपये होती, ती एप्रिल 2022 पासून 5,000 झाली आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी 10,000. पैसा वाढवणं एवढाच हेतू असता तर सराफा ओळ माझ्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती.

"मग परदेशात कोट्यवधींना विकल्या जातात त्या?" पोराने विचारलं. त्या विकल्या जातात हे खरंच आहे. मे 2022 मध्ये मर्सिडीजची 1955 सालची एक 300 एसएलआर कूपे साडेतेरा कोटी युरोंना गेली. पण तशा गाड्या जगात बनल्याच दोन, आणि त्या कंपनीने जवळजवळ सत्तर वर्षं स्वतःकडेच जपल्या होत्या. भाव चढतो तो दुर्मिळपणाला, शर्यतींच्या इतिहासाला आणि मूळ सुट्या भागांना. आपली पद्मिनी मुळातच सर्वांसाठी बनलेली. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या माणसाने 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. फियाटची 1100 पुढे त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली, सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं आणि 2000 च्या सुमारास ती थांबली. तोवर डॉक्टर, वकील, अडते, टॅक्सीवाले अशा किती घरांत ती पोचली होती! जीपचंही तेच. महिंद्राने 1947 पासून विलीज जीप जोडायला घेतली आणि बुलडाण्याच्या शेतरस्त्यांवर, निवडणुकीच्या प्रचारात, वनखात्यात ती झिजेपर्यंत राबली. जी वस्तू सगळ्यांच्या उपयोगी पडली, तिचा लिलावात चमत्कार होणं कठीण.

आता झाकून ठेवण्याबद्दल. माझे मिस्त्री शेगाव रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "भाऊ, उभी राह्यली का गाडी मरते. चालत राह्यली तं तुमच्यापेक्षा जास्त जगन." त्यातला शब्दन् शब्द मी अनुभवला आहे. महिनाभर गाडी हलली नाही की टाकीतल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढतं आणि व्हील सिलेंडर आतून गंजून पिस्टन जाम होतो. रबरी सील सुकतात, टायर एका जागी बसून चपटे होतात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. ते पाणी धरून ठेवतं आणि त्या काळच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्याच नव्हत्या. मी सगळ्या नळ्या बदलून घेतल्या. शेडमध्ये झाकलेली गाडी बाहेरून चकचकीत राहते आणि आतून रोज थोडी थोडी संपत जाते.

कायद्याची बाजू तर माझ्या रोजच्या कामातली. प्राप्तिकर कायद्यात वैयक्तिक वापराची जंगम वस्तू भांडवली मालमत्ता धरत नाहीत. दागिने, चित्रं, शिल्पं, कलावस्तू यांना मात्र ही सूट नाही. साहजिकच पुष्कळांना वाटतं की जुनी मोटार विकून आलेला पैसा करमुक्तच. मुंबई उच्च न्यायालयापुढे 2025 मध्ये याचाच निवाडा झाला. 1931 सालची एक फोर्ड टूरर 1983 मध्ये 20 हजारांना घेतली होती आणि 1991 मध्ये 21 लाखांना विकली होती. न्यायालय म्हणालं की मोटार वैयक्तिक वापरात येऊ शकते एवढ्यावरून ती वैयक्तिक वापराची ठरत नाही, ती तशी वापरली याचा पुरावा हवा. तो पुरावा नव्हता. निकाल करदात्याविरुद्ध गेला. हा निकाल मी त्या पोराला मुद्दाम समजावून सांगितला. नफ्यासाठी झाकून ठेवशील, तर नफ्यातला वाटा सरकारला देण्याची तयारीही ठेव.

'व्हिंटेज' या शिक्क्याचंही असंच आहे. जुलै 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी 20 हजार, मुदत दहा वर्षं. माझी गाडी 2028 मध्ये पन्नाशी गाठेल. ओळखीचे आत्ताच सांगतात, "तो नंबर घ्या, भाव वाढेल." पण त्या नंबरची गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कारणांपुरतीच रस्त्यावर काढता येते, नेहमीच्या वापराला मनाई आहे. पाहुण्यांना लोणारचं सरोवर दाखवायला नेणं, सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी जाणं, रविवारी बुलडाण्याला बहिणीकडे जेवायला जाणं, हे सगळं मी कशासाठी सोडू?

बुलडाण्याला जाताना बोथ्याचं जंगल लागतं. ज्ञानगंगा अभयारण्यातला तो चढ ही गाडी सावकाश घेते. 1,089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला गिअरचा दांडा, समोर अखंड बाकासारखी सीट. वळण यायच्या आधी इंजिनाचा आवाज जड होतो, तो हाताला दांड्यातून कळतो आणि मी गिअर उतरवतो. त्रिकोणी काच उघडली की सागाच्या पानांचा वास थेट तोंडावर येतो. शेजारी बायको, मागे बहिणीसाठी घेतलेला हरभऱ्याचा ढाळा. मला या गाडीतून जे मिळतं ते सगळं त्या रस्त्यावर असतं, आणि ते चार लाखांत मोजायला माझ्याकडे रकाना नाही. मी आयुष्यभर लोकांचे रकाने भरले आहेत, म्हणून हे पूर्ण जबाबदारीने लिहितो.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्याहून महत्त्वाची वाटते. पावसाळ्यानंतर गाडी मिसिंग करायला लागली, तेव्हा मिस्त्रींनी हात लावला नाही, पुतण्याला पुढे केलं. पोरगा विशीतला, आयटीआय झालेला, एरवी स्कॅनर लावून नव्या गाड्या बघणारा. त्याने डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढलं, पॉइंट उघडले. दोन्ही टोकांवर करडा थर चढला होता. पॉलिश पेपरची बारीक पट्टी मधून ओढून त्याने तो साफ केला, फीलर गेजचं पातं घालून फट बघितली, स्क्रू केसभर फिरवला, पुन्हा बघितली. काका शेजारी स्टुलावर बसून नुसता कान देत होते. सेल्फ मारल्यावर इंजिनाने लय धरली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जमलं तुले."

हे काम शिकवणारी शाळा नाही. ते चालत्या गाडीवरच शिकता येतं, कारण चालणारी गाडीच बिघडली की मिस्त्रीच्या दारात येते. सगळ्यांनी जुन्या गाड्या घेऊन झाकल्या, तर सुटे भाग ठेवणारी दुकानं बंद होतील, पॉइंट लावणारा हात उरणार नाही आणि मग त्या जपलेल्या गाड्या सुरू कोण करणार? गुंतवणूक म्हणून ठेवलेल्या गाडीची किंमतसुद्धा कुठेतरी चालणाऱ्या गाड्यांच्या आणि त्यांच्या मिस्त्रींच्या जिवावर उभी असते.

नांदुऱ्याच्या पोराबरोबर मी मिस्त्रींना घेऊन चिखलीला जीप बघायला गेलो. चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहिला, पाटे आणि खालचा पत्रा टोचून पाहिला, नूतनीकरण कधी झालं ते तपासलं. वस्तू चांगली होती. व्यवहाराआधी मी त्याला एकच अट सांगितली: दुप्पट करायचे पैसे वेगळे काढ आणि ते चांदीत घाल, ठेवीत घाल, तुला पटेल तिथे घाल. जीपला लावशील ते पैसे खर्च म्हणून लिही आणि ती आठवड्यातून एकदा तरी शेतावर ने. त्याने मान्य केलं. मी पुण्याच्या खरेदीदाराला नकार कळवला आणि पाच वर्षांच्या पुढच्या नूतनीकरणाची रक्कम बाजूला काढून ठेवली, नेहमीच्याच नंबरवर.