साडेपाच तास

आमच्या दूध संकलन केंद्रावर पहाटे पाचला पहिली किटली येते ती शेजारच्या काकूंची. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो, तेव्हा एका पहाटे त्यांनी हातातली पावती आण्णांपुढे धरली. लिटर बरोबर, फॅट बरोबर. वेळ मात्र रात्री साडेअकराची आणि तारीख कालची.

"रात्री साडेअकराला कुणाची म्हस दूध देती ओ भावजी?"

रांगेतले दोघंतिघं हसले. आण्णाही हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. अकरा तारखेच्या पहाटेचं दूध दहा तारखेला लागलं, की एका बिलात एक पावती जास्त आणि पुढच्यात एक कमी. पैसे बुडत नाहीत, पण माणसं मोजायला लागतात. केंद्र चालतं ते कुणी मोजत नाही म्हणून.

आण्णांनी पीसीचं घड्याळ हातानं नीट केलं. दुसऱ्या पहाटे ते पुन्हा साडेपाच तास मागं.

"सेल गेलाय का रं ह्याचा?"

मी अंथरुणातूनच "असेल" म्हणालो. ते तालुक्याला जाऊन बटणाएवढा नवा सेल घेऊन आले, बसवून घेतला. तिसऱ्या पहाटे परत तेच. मग त्यांनी कपाटातून जुनी वही काढली आणि प्रत्येक पावतीसोबत पेननं नोंद करायला लागले. ते बघून मी उठलो.

सेल संपला तर घड्याळ कुठल्यातरी जुन्या तारखेला जाऊन बसतं. हे रोज बरोबर साडेपाच तासच मागं जात होतं. आणि साडेपाच तास हा आकडा मला माहीत होता.

सुट्टीत प्रोग्रॅमिंग शिकायचं म्हणून मी त्याच पीसीवर विंडोजशेजारी उबुंटू टाकलं होतं. आण्णांना न सांगता. रात्री सगळे झोपले की मी ते सुरू करायचो. अकरा वाजता तिथलं घड्याळ पहाटेचे साडेचार दाखवायचं. फोनचा हॉटस्पॉट जोडला की आपोआप अकरावर यायचं. मी ते रोज बघत होतो आणि रोज सोडून देत होतो.

गंमत अशी, की यात दोघांपैकी कुणीच चुकत नव्हतं. पीसी बंद असतानाही मदरबोर्डवरचं एक छोटं घड्याळ त्या सेलवर चालू राहतं. त्याला टाइमझोन कळत नाही, ते नुसता आकडा सांभाळतं. विंडोज डॉसच्या काळापासूनच्या सवयीनं तो आकडा इथली वेळ समजतं. लिनक्स तो यूटीसी समजतं आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवून दाखवतं. हॉटस्पॉट मिळाला की उबुंटू खरी वेळ आणायचं आणि त्या छोट्या घड्याळात यूटीसी लिहून ठेवायचं. पहाटे आण्णांचं विंडोज, नेटशिवाय, तोच आकडा इथली वेळ म्हणून वाचायचं.

हे साडेपाच तास मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्ताचे. १५ अंशांना एक तास. १९०६ मध्ये ही प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईत ३९ मिनिटं मागं असलेली मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. एका शहरात दोन वेळा इतकी वर्षं नांदल्या. आमच्या एका पीसीत आठवडाभरही जमेना.

उपाय दोन होते. विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद घालून त्याला यूटीसी वाचायला लावायचं. जाणकार हाच उपाय नीटसा मानतात. किंवा उबुंटूच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल ही कमांड देऊन त्याला इथली वेळ वापरायला सांगायचं. ज्या देशात घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्यात मागंपुढं करतात तिथं हा दुसरा उपाय त्रास देतो, आपल्याकडं तो प्रश्न नाही. शिवाय विंडोजमध्ये गावाच्या दुधाचा हिशोब होता. उशिरा आलो होतो मी, तेव्हा बदलायचं मीच. एका ओळीचं काम होतं.

आण्णांना सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले.

"म्हणजे रोज सकाळी मी नीट करायचो आणि रात्री तू बिघडवायचास."

"हो."

"आणि मी सेल आणायला गेलो तवा?"

मी काही बोललो नाही. ते रागावले नाहीत. "उद्या काकूंना तूच सांग," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाचला मी काउंटरवर होतो. काकूंना चूक माझी होती म्हणून सांगितलं. त्यांनी पावती दिव्याखाली धरली. आजची तारीख, पाच वाजून चार मिनिटं. घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "बरं झालं बाबा, सांगितलंस."

वही मात्र आण्णांनी अजून कपाटात ठेवलेली नाही.