मामांची भाऊबीज

भाऊबीज जवळ आली की आमच्या घरी दोन गोष्टी घासूनपुसून ठेवल्या जात. एक ओवाळणीचे तबक आणि दुसरी मामांची स्तुती. तबक चिंचेने लख्ख होई. स्तुती मात्र दर वर्षी थोडी अधिकच घासावी लागे.

मामा अकोल्याचे, आम्ही अमरावतीचे. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. अंतर ते केवढे! पण मामा गाडीतून उतरत ते दिग्विजय करून आल्यासारखे. बडनेऱ्याच्या फलाटावर त्यांना घ्यायला घरचे कोणीतरी हजर असावेच लागे. एका वर्षी मला दहा मिनिटे उशीर झाला, तर सबंध दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाणी हवे असले तरी मामीला म्हणत, "त्याला सांग." आणि मी तांब्या घेऊन समोरच उभा असे!

तसा माणूस मोठा रसाळ. हयात शिक्षकीत गेलेली, आवाज खणखणीत, पाठांतर अफाट. त्यांची एक गोष्ट तर आम्हां भावंडांना पाठ झाली होती. लहानपणी त्यांनी गाडगेबाबांचे कीर्तन ऐकले होते. बाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. कीर्तनात ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. मामांच्या गोष्टीत मात्र ते सगळे प्रश्न एकाच मुलाला विचारलेले असत. कोणी पाया पडू लागले की जे बाबा खराटा उचलून चालू लागत, जे स्वतःला कोणाचे गुरू म्हणवीत नसत, त्यांच्या आठवणीतूनही मामा स्वतःसाठी एक टाळी काढून आणीत.

"आणि मग सगळी सभा माझ्याकडे पाहू लागली," मामा म्हणत.

"पाहू लागली," मामी म्हणे. ती नेहमी मामांच्या वाक्याचा शेवटच उचलायची.

आम्ही हसत होतो. पण जोवर कोणाच्या ताटातला घास जात नाही, तोवरच असे हसता येते.

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आईचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. ती तेव्हा एकोणऐंशी वर्षांची. तरी भाऊबीजेला हट्टाने उठली, पाटापुढे रांगोळीची दोन बोटे ओढली, आणि ओवाळताना तिचा हात थरथरला. निरांजनातले तेल मामांच्या नव्या कोटावर सांडले. मामा पाटावरून उठले. "वर्षातून एक दिवस येतो मी. तेवढंही नीट होत नाही तुमच्याच्यानं!" असे म्हणून ते ओसरीवर जाऊन बसले. जेवायला येईनात. आणि आई, पोटाला टाके असलेली माझी आई, भिंत धरधरून त्यांची समजूत काढायला निघाली.

मी बोललो. तीस वर्षांचे साठलेले बोललो. मला वाटले, मामा गरजतील. पण त्यांचा चेहरा जत्रेत हरवलेल्या पोरासारखा झाला. त्याच संध्याकाळी ते निघून गेले. जाताना मामी दारात हळूच म्हणाली, "त्याह्यले तसंच लागते, बाप्पा. तू मनावर नोको घेऊ."

पुढच्या वर्षी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. ज्या बहिणीला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, अशी आपल्याकडे रीत आहे. भाऊ अकोल्यात धडधाकट असताना माझ्या आईने दोन वर्षे गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळले. ती मला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरे झाले असते.

माझा एक बालमित्र मनोविकारांचा डॉक्टर आहे. गाडगेनगरकडे आम्ही संध्याकाळी पायी जातो. त्याला हे सारे सांगितले तेव्हा त्याने मला ग्रीक पुराणातल्या नार्सिससची कथा विचारली. पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहून तिथेच खिळून, झिजून गेलेला तो देखणा तरुण मला ठाऊक होता. मित्र म्हणाला, "त्या गोष्टीत आणखी एक जण आहे, तिला सगळे विसरतात. इको. तिला फक्त दुसऱ्याचे शेवटचे शब्द परत म्हणता येत." मला एकदम मामी आठवली.

या स्वभावाला मराठीत कोणी आत्मरती म्हणतात, कोणी आत्मप्रीती. फ्रॉइडने १९१४ साली यावर निबंध लिहिला. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या यादीत 'नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर' असा स्वतंत्र विकारच नोंदवला. त्याची नऊ लक्षणे आहेत: स्वतःच्या मोठेपणाची अवास्तव कल्पना, अमर्याद यशाची स्वप्ने, आपण सर्वांहून निराळे हा समज, स्तुतीची भूक, आपला मान हा हक्कच आहे ही भावना, दुसऱ्याला वापरून घेणे, दुसऱ्याचे दुःख न कळणे, मत्सर आणि उद्धटपणा. यांतली निदान पाच हवीत, तीही तरुणपणापासून आयुष्यभर आणि सगळीकडे दिसणारी.

मी चालता चालता बोटे मोडू लागलो. सहावर आलो तेव्हा मित्राने माझा हात धरला. "मी तुझ्या मामांना तपासलेले नाही, आणि तू तर डॉक्टरही नाहीस. प्रत्येक बढाईखोर माणूस रोगी नसतो. आता हीच बोटे स्वतःसाठी मोड पाहू!" मी दोनवर थांबलो. तिसरे बोट अर्धे मोडले होते, हे इथे कबूल करून टाकतो.

त्याने मग सांगितले की, यामागे काय असते यावर मोठ्यांचेही एकमत नाही. कोहुट नावाचे तज्ज्ञ म्हणत, मुलाचे खरे कौतुक डोळ्यांत पाहणारे कोणी भेटले नाही की ते मूल जन्मभर ते कौतुक मागत फिरते. कर्नबर्ग म्हणत, हा मोठेपणा म्हणजे आतल्या संतापावर आणि हेव्यावर घातलेले चिलखत आहे. आनुवंशिकतेचाही वाटा असतो. या स्वभावावर गोळी नाही. बोलण्याचे उपचार आहेत, पण ते लांबतात, आणि असा माणूस स्वतःहून सहसा येत नाही. आला तर उदास होऊन येतो, टाळ्या थांबल्यावर. "आणि घरच्यांनी काय करावे?" मी विचारले. "वाद घालू नये, कुंपण घालावे. शांतपणे, मोजक्या शब्दांत. समजून घ्यावे, पण म्हणून सोसत राहू नये. आणि तुझ्या मामीची विचारपूस आधी कर."

घरी येऊन आईला विचारले, "मामा लहानपणी कसे होते ग?" ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, "चार बहिणींवरचा एकुलता. पाहुणे आले की आबा त्याला टेबलावर उभा करून श्लोक म्हणायला लावत. चुकला नाही तर पेढा. चुकला तर गोठ्यात, उपाशी. मी चोरून भाकर नेऊन द्यायची. खातानासुद्धा विचारायचा, बाई, बाकीचं चांगलं म्हटलं ना मी?"

असे वाढलेले प्रत्येक मूल मामा होत नाही, हे मला मित्राने बजावले होते. तरीही तो टेबलावरचा मुलगा माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

गेल्या वर्षी मी स्वतः अकोल्याला गेलो. म्हणालो, "मामा, भाऊबीजेला या. आई वाट पाहते. पण तिला घालूनपाडून बोलायचे नाही. बोललात तर मी त्याच पावली तुम्हाला बडनेऱ्याला सोडून येईन." मामा खिडकीबाहेर पाहत राहिले. मी मामीकडे वळलो, "मामी, तुमचे गुडघे कसे आहेत?" तिने उत्तर देण्याआधी मामांकडे पाहिले. मी थांबून राहिलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "लय दुखतात, बाप्पा." हे वाक्य तिचे स्वतःचे होते.

मामा आले. फलाटावर मी वेळेवर होतो. आईने बसल्या बसल्या ओवाळले. तेल थोडे सांडलेच, मामांनी कोटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि गप्प राहिले. जेवताना गाडगेबाबांचे कीर्तन निघाले. प्रश्न, उत्तरे, सभेचे डोळे, सगळे यथासांग. माझी सात वर्षांची नात ऐकत होती. तिने विचारले, "आणि बाकीच्या मुलांना बाबांनी काय विचारलं?"

मामांचा घास हातातच राहिला. "आठवत नाही," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हे शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकले.

टाळी वाजली नाही. कोणी हसलेही नाही. आईने त्यांच्या ताटात आणखी एक अनारसा वाढला आणि म्हणाली, "सांग ना पुढं. मी ऐकते आहे."